दाजींच्या मोबाईलवरचा पाचवा बाण

माझ्या ऑफिसला जायला चप्पल लागत नाही. स्वयंपाकघरातून निघायचं, मधली खोली ओलांडायची, पडदा सारायचा की आलं ऑफिस. कुणाला हे सांगितलं की म्हणतात, नशीबवान आहेस बाई, जायचा-यायचा त्रास नाही. मी हसते. जायचा त्रास नाही हे खरंय. परत यायचा तर प्रश्नच नाही, कारण मी गेलेलीच नसते.

घर माझ्या अक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं. कोल्हापुरातून कळंब्याकडे जाताना रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत पूर्वी दाजींची मोटारसायकल आणि गॅसचं जादा सिलिंडर असायचं. आता तिथं तीन टेबलं आहेत, भिंतीला लागून कॉम्प्युटर आहेत आणि दारावर वेबसाईट बनवून मिळतील असा बोर्ड आहे. दाजी म्हणजे अक्काचा नवरा, आणि माझा साहेब. ते गिऱ्हाईक आणतात, मी वेबसाईट बनवते. फाउंड्रीवाले, क्लासवाले, गूळवाले, सराफ, एक दातांचा डॉक्टर. त्याखेरीज दाजींच्या चुलत्याची, मावसभावाची आणि मावसभावाच्या मित्राची, ही सगळी फुकट. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात ना, त्यातलं घोडं सांभाळायचं काम माझ्याकडे.

आम्ही मूळचे गडहिंग्लजचे. अप्पांचं मिरचीचं दुकान आहे. आमच्या घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भाव करताना दोन्ही. अव्वा, म्हणजे आमची आई, गेल्यानंतर अप्पा फार घाबरट झाले. कॉलेज संपल्यावर मी पुण्याला नोकरी बघते म्हणाले तर त्यांचं एकच पालुपद, "पुण्यात कोण हाय आपलं? कोल्लापुरात अक्का हाय की!" दाजी त्याच महिन्यात ऑफिस काढत होते. त्यांना वेबसाईट बनवणारं माणूस पाहिजे होतं, अप्पांना माझ्यावर नजर ठेवणारं माणूस पाहिजे होतं. दोघांचं जमलं. मला कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. पण विचारलं तेव्हा अक्का दारात पिशवी घेऊन उभी होती, माझे कपडे भरायला.

मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढं मी दाजींबद्दल चांगलं बोलणार आहे आणि वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायला नको. दाजी वाईट असते तर मी केव्हाच निघून गेले असते. ते मला घरातली धाकटी पोरगी म्हणूनच वागवतात. पेरू आणले तर त्यातला मऊ माझ्यासाठी बाजूला ठेवतात. आजारी पडले तर स्वतः गाडीवरून दवाखान्यात नेतात. पण घरच्या माणसाला सुट्टी कसली? डोकं दुखतंय म्हणून कळवायचं कुणाला? ज्याला कळवायचं त्यानं सकाळी माझ्या ताटात दोन भाकरी बघितलेल्या असतात. रविवारी मी कपडे वाळत घालत असले की पडद्यामागून आवाज येतो, "मोकळी हाईस का गं? जरा बस की, चुटकीसरशी व्हणारं काम हाय." जेवताना त्याच गिऱ्हाइकांच्या गोष्टी. अंथरुणावर पडले तरी भिंतीपलीकडून दाजी फोनवर कुणाला तरी सांगत असतात, उद्या दुपारपर्यंत करून देतो. करून देणारी मी, भिंतीअलीकडे जागी.

भांडायचीही सोय नव्हती. एकदा मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दाजींना म्हणाले होते, हे असं होत नाही, तुम्ही आधी विचारत जा. ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मात्र त्यांना अक्काची आमटी खारट लागली, भाकरी जाड वाटली, आणि पाणी गरम का नाही केलं म्हणून पातेलं आपटलं गेलं. आमटी मी चाखली होती. अगदी बरोबर होती. तेव्हापासून ऑफिसात मी तोंड सांभाळून बोलते. जावयाला आमच्याकडे दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात असतात.

माझी एकच मोकळीक होती, अक्का. दुपारी दाजी गिऱ्हाइकांकडे जायचे, त्यांची आई झोपायची, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून कानडीत बोलायचो. दाजींचं घर आमच्यातलंच, पण कैक पिढ्या कोल्हापुरात राहून त्यांची कानडी पार पुसून गेलेली. अक्काच्या सासूबाईंना ती भाषा कानावर पडली की भांडण चाललंय असं वाटायचं. "काय गुडगुड लावलीय दोघींनी?" म्हणायच्या. आम्ही आवाज कमी करायचो आणि त्यांच्याचबद्दल बोलायचो. अक्का हसायला लागली की तोंडाला पदर लावायची. तिचं असं हसणं मी दुसऱ्या कुणासमोर बघितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दाजींनी एका मंगल कार्यालयाचं काम आणलं. मालक दांडगा माणूस, आवाजही तसाच. त्याला विमानाचं तिकीट काढतात तसं कार्यालयाचं बुकिंग मोबाईलवरून करायला पाहिजे होतं. लोकांनी एकेक पायरी चढत जायचं, तारीख, हॉल, जेवणावळ, मांडव आणि शेवटी खात्री. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे पानाच्या माथ्यावर दिसलं पाहिजे. त्यासाठी एकमेकांत गुंतलेल्या बाणांची पट्टी करतात. प्रत्येक बाणाला उजवीकडे टोक, डावीकडे तेवढीच खाच. एकाचं टोक पुढच्याच्या खाचेत बसतं. झालेल्या पायऱ्या हिरव्या, चालू पायरी केशरी, राहिलेल्या करड्या. आमच्या धंद्यात तिला स्टेप इंडिकेटर म्हणतात. दाजी तिला बाणांची माळ म्हणायचे.

कॉम्प्युटरवर माळ देखणी झाली. पहिल्या बाणाची पाठ सपाट ठेवली, कारण त्याच्यामागे कुणी नाही. शेवटच्याचं टोक काढलं, कारण त्याला पुढं जायचं नाही. मधे बारीक पांढरी फट, सगळ्यांना सारखी. मी खूश होऊन दाजींना हाक मारली. दाजींनी नेहमीप्रमाणे खिशातून मोबाईल काढला.

आमच्या ऑफिसची कामाची रीत म्हणजे दाजींचा मोबाईल. त्यावरची अक्षरं त्यांनी असतील तेवढी मोठी करून ठेवलेली आहेत. चष्मा लागलाय हे त्यांना मान्य नाही. पण त्यांचंही बरोबर होतं, कारण आमची गिऱ्हाइकं सगळी त्याच वयाची, सगळ्यांचे मोबाईल तसेच. काम कितीही चांगलं असो, दाजींच्या मोबाईलवर नीट दिसलं तरच ते झालं. त्या मोबाईलवर तारीख, हॉल, जेवणावळ आणि मांडव कसेबसे एका ओळीत बसले आणि खात्री खाली पडली. एकटी, डाव्या कोपऱ्यात. मांडवाचं टोक स्क्रीनच्या कडेला कुणाचाही पत्ता नसताना घुसलेलं.

"आगं, पाचवा बाण खाली पडलाय की!" दाजी म्हणाले.

मालक तिथंच बसलेला. त्यानं मान लांब करून बघितलं. "खात्रीच जर खाली पडली तर पावणं पैसं कशाच्या जोरावर भरनार वो?"

मी अक्षरं लहान केली. दाजी म्हणाले, मुंग्या दिसाय लागल्यात. मी बाणांची उंची कमी केली, तर तारीखमधल्या वेलांटीचा माथा कापला गेला. इंग्रजी अक्षरं खालच्या अंगणात खेळतात, आपल्याला वर माळा आणि खाली तळघर दोन्ही लागतं. मी सुचवलं, जेवणावळ हा शब्द फार रुंद होतोय, नुसतं जेवण लिहू या. मालक खुर्चीवरून उठलाच. "जेवान घरात असतंय. लगनात जेवणावळ. त्येला धक्का लावायचा न्हाय." त्याच्या दृष्टीनं लग्न म्हणजे जेवणावळ आणि तिच्या आगेमागे थोडे मंत्र.

मग मी हट्टालाच पेटले. बरेच दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. मोबाईलवर माळ आडवी राहूच शकत नाही हे मान्य केलं की पुढचं सोपं होतं. तिला उभी करायची, टोकं खाली, खाचा वर. अडचण अशी की उभी केव्हा व्हायची? सगळेजण हे स्क्रीनच्या रुंदीवर ठरवतात. एवढ्यापेक्षा अरुंद असेल तर उभी. पण दाजींचा मोबाईल रुंदीला चांगला होता, मोठी होती ती अक्षरं. तेव्हा मी ते स्क्रीनवर न ठेवता अक्षरांच्या मापावर ठेवलं. माळ ज्या चौकटीत बसवलीय त्या चौकटीत माणसानं स्वतः निवडलेल्या मापाची किती अक्षरं मावतात ते बघायचं, न मावली तर बाणांनी आपण होऊन उभं राहायचं. कुणाचीही नजर कितीही अधू असो, खात्री खाली पडणार नाही. पडली तरी मांडवाच्या टोकाखालीच पडेल, आपल्या जागी.

ते जमलं तेव्हा ऑफिसात कुणी नव्हतं. मी दाजींचा जुना मोबाईल हातात घेऊन अक्षरं मोठी करत होते, लहान करत होते, आणि माळ आडवी-उभी होत होती. मी मोठ्यानं हसले. इतका आनंद मला त्या खोलीत कधी झाला नव्हता. मग मी माळ जवळून बघितली. प्रत्येक बाणाचं टोक पुढच्याच्या पाठीत रुतलेलं होतं. मधला एक जरी काढला तर दोन्हीकडचे उघडे पडणार. मी कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकघरात गेले आणि अक्काला उगाचच विचारलं, चहा करू का?

आमच्या धंद्यातले लोक आपापली कारागिरी जिथं मांडतात अशा इंटरनेटवरच्या एका ठिकाणी मी ती माळ ठेवली. आठवड्याभरात पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी मला लिहिलं. त्यांच्याकडे जागा आहे, बोलायला आवडेल, कॅमेऱ्यासमोर, अर्धा तास.

अर्धा तास! त्या घरात मला आंघोळीलासुद्धा सलग अर्धा तास मिळत नाही. पुढच्या खोलीत दाजी, मधल्या खोलीत सासूबाई, गच्चीवर शेजारणीचे पापड आणि पापडांवर लक्ष ठेवून शेजारीण. शेवटी मी दाजींना सांगितलं की माळ कार्यालयातल्या नेटवर कशी चालते ते बघून येते. ते म्हणाले, शाबास. कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं. मी वधूपक्षाच्या खोलीत आरशासमोर बसले आणि आतून कडी घातली. आरशाच्या कडेला कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. बाहेर व्यासपीठावर कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो, वन टू थ्री, पावण्यांनी जेवून घ्यावं.

बाईंनी विचारलं, माळ उभी कधी करायची हे तुम्ही अक्षरांवरून ठरवलंत, ते कसं सुचलं? मी म्हणाले, आमच्या दाजींचा मोबाईल. त्यांना ते फार आवडलं. खळखळून हसल्या. मग विचारलं, तुमचा नोटीस पिरियड किती? म्हणजे नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगावं लागतं? आरशात मला माझाच चेहरा दिसत होता. बहिणीच्या नवऱ्याला किती दिवस आधी सांगतात? मी म्हणाले, विचारून सांगते.

त्यांनी मला घेतलं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा, असं आलं. ते वाचलं तेव्हा दाजी माझ्या शेजारच्या टेबलावर होते. मी मोबाईल उलटा ठेवला आणि मालकाच्या पानावरचा केशरी रंग जरा गडद केला.

दुपारी मी अक्काला सांगितलं. गडहिंग्लजहून अप्पांनी चटणीसाठी मिरच्या पाठवल्या होत्या, आम्ही दोघी देठं काढत बसलो होतो. कानडीतच सांगितलं, हळू आवाजात, सगळं. माळ, बाई, आरसा, सोमवार. मला जायचंय, म्हणाले. तुझ्यावर, दाजींवर कुणावर राग नाही, पण मी इथं गुदमरतेय. अक्का शिंकली. मिरच्यांनी तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही येत होतं. मग ती उठली, हात धुतले, डब्यातली साखर आणून माझ्या तोंडात घातली. म्हणाली, "छान झालं. तू त्यांना काही बोलू नकोस. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना लागेल. मी बघते, मी बोलते बरोबर." मी तिच्या गळ्यात पडले. इतकं हलकं वाटलं की मी ती सगळी मिरची एकटीनं साफ केली.

दोन-तीन दिवस गेले. दाजी काही बोलेनात. मी अक्काकडे बघायची, ती डोळ्यांनी सांगायची, थांब. दाजी उलट जास्तच खुशीत होते. सारखे फोन करायचे, मी आत गेले की बोलणं तोडायचे. मला वाटलं, अक्कानं सांगितलंय आणि ते मनातल्या मनात तयारी करतायत. शनिवारी म्हणाले, उद्या कार्यालयाची वेबसाईट चालू करायची, नारळ फोडायचाय, चांगली साडी नेस.

रविवारी कार्यालयात पोचले तर दारात अप्पा उभे. गडहिंग्लजच्या पहिल्या एसटीनं आलेले, पांढरी टोपी, हातात मिरच्यांचीच पिशवी. आत खुर्च्यांवर दाजींचे चुलते, मावसभाऊ, फाउंड्रीवाले, सराफ, तो दातांचा डॉक्टर. व्यासपीठावर पडदा लावून त्यावर माझी माळ, ही एवढी मोठी. मालकानं नारळ फोडला. मग दाजींनी माईक घेतला आणि मला वर बोलावलं.

कोल्हापुरात माणसाला अडकवायचं असेल तर त्याच्याशी भांडत नाहीत. त्याचा सत्कार करतात.

मला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. दाजी बोलायला लागले. "ही माझी मेव्हणी. पर मेव्हणी कसली, ह्या ऑफिसचा कणा हाय कणा. मी नुसता बोलबच्चन. ही जी माळ दिसतीया तुमाला, ही हिच्या डोक्यातनं आलीया. आज मी सगळ्या पावण्यांम्होरं सांगतो, आजपासनं ही ऑफिसची निम्मी मालकीन. बोर्डावर हिचं बी नाव येनार." टाळ्या पडल्या. दाजींचा आवाज भरून आला होता, आणि ते नाटक नव्हतं. अप्पा पहिल्या रांगेत उपरण्यानं डोळे पुसत होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, जावई असावा तर असा.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला, तोही फेटा बांधून. दाजींनी माईक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल." मला दोनच शब्द बोलायचे होते. मी जातेय. समोर अप्पा होते. खाली बायकांत अक्का बसलेली, ती माझ्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मी म्हणाले, दाजींची आणि अक्काची मी आभारी आहे. आणि बसले.

जेवणावळ झाली. हात धुवायला गेले तर दाजी नळाजवळ उभे, चेहरा फुललेला. म्हणाले, "कसं वाटलं? आगं, माझ्या डोस्क्यात कुठलं येतंय हे! तुझ्या अक्कानंच सुचवलं की. माझ्या मागंच लागलीती, तिचा मान करा, चारचौघांत करा, अप्पांस्नी बी बोलवा. म्हनली, पोरगीला धीर येईल."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आनी काय? एवढंच."

म्हणजे पुण्याचं तिनं सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर अप्पा आणि दाजी पुढच्या खोलीत बोर्डावर नाव कुठं घालायचं ते ठरवायला बसले. मी स्वयंपाकघरात गेले. अक्का साडी न बदलताच चहा टाकत होती. मी दार लोटलं आणि सुरू झाले. कानडीत जेवढ्या शिव्या मला येतात, त्या सगळ्या अव्वाकडून आलेल्या, मी वापरल्या. विश्वासघातकी म्हणाले. तू मला विकलंस म्हणाले. स्वतः ह्या घरात मेलीस आणि मलाही सोबतीला ओढलंस म्हणाले. चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं तिला सुचेना. मीच केला.

मग ती ओट्याला टेकून खाली बसली. म्हणाली, "तू यायच्या आधी मी दिवसभरात जे बोलायचे ते सगळं कामाचं असायचं. भाजी काय, दूध किती, दार कुणी उघडं टाकलं. अव्वा होती तोवर फोन तरी होता. ती गेली आणि आपल्या बोलीत मला हाक मारणारं कुणी राहिलं नाही. अप्पा फोनवर दोन वाक्यं बोलतात. तू आलीस आणि मी परत बोलायला लागले. तू साखर खाल्लीस ना त्या दिवशी, तेव्हा मी खरंच सांगणार होते त्यांना. संध्याकाळी ते जेवायला बसले, मी ताट वाढलं, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं." थोड्या वेळानं म्हणाली, "तू आत्ता मला एवढं बोललीस. ते पण मला बरं वाटलं. अव्वासारखी बोलत होतीस."

तिची दया आली, आणि त्या दयेचाही मला संताप आला.

मी जाऊ शकले असते. कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. रात्रभर नाही, तासाभरातच मी सगळा हिशेब मांडून बघितला. मी गेले तर दाजींची भर पावण्यांत शोभा होणार. ते मला काही बोलणार नाहीत. आमटी खारट होईल, भाकरी जाड होईल, रोज, कितीतरी वर्षं, आणि ते ऐकून घेऊन परत कुणाजवळ बोलायला तिला कुणी नसणार. हे माहीत असताना पुण्यात बसून मी कुठल्या तोंडानं माळा ओवणार होते?

सोमवारी मी पुण्याच्या बाईंना फोन केला. गच्चीवर गेले होते, शेजारणीचे पापड वाळत होते. म्हणाले, घरची अडचण आहे. त्या चांगल्या होत्या, म्हणाल्या, पुढं कधी सुटलात तर नक्की कळवा. सुटलात हा शब्द त्यांनी सहजच वापरला असेल. मी फोन ठेवला आणि तिथंच उन्हात उभी राहिले. खालून दाजींनी हाक मारली. एका सराफाला ती माळ आपल्या पानावर पाहिजे होती.

आता बोर्डावर माझं नाव आहे. माळेची मागणी वाढली आहे, जिल्ह्यातल्या कितीतरी पानांवर माझे बाण एकमेकांत टोकं रुतवून उभे आहेत. दाजी मला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देत नाहीत. आमटीवरून पातेलं आपटत नाहीत. सगळे म्हणतात, बघ, चांगलंच झालं की नाही? मी हो म्हणते.

फक्त त्या रविवारपासून मी अक्काशी कानडीत बोलत नाही. ठरवून केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून उत्तर मराठीत गेलं. ती चपापली. मला वाटलं, दुपारी बोलू. दुपारीही मराठीच आली. मग ते तसंच राहिलं. मी तिच्याशी चांगली वागते, भांडी घासू लागते, तिचे पाय दुखले तर चेपून देते. सासूबाई म्हणतात, हल्ली तुमची गुडगुड बंद झाली, घर कसं शांत वाटतंय. एवढं एकच माझ्या हातात होतं आणि मी ते तिच्याकडून काढून घेतलं, हे मला कळतं. परत द्यावंसं वाटतं. तोंड उघडते आणि देता येत नाही.

दुपारी दाजी बाहेर गेले की ती पडदा बाजूला करून ऑफिसात येते. माझ्या टेबलाजवळ उभी राहून कानडीत विचारते, "ऊट आतेन?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणते, "हो, जेवले."

पूर्वी ती यावर कानडीतच आणखी काही विचारायची. आता तीही मराठीत म्हणते, "बरं," आणि आत जाते.